विमानात सीपॅप लावायचं का? आधी घरच्या खुर्चीत एक रात्र काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय ५८, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास (ॲप्निया) तीव्र, तपासणीत एएचआय, म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा, ४१. दोन वर्षं रोज रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारं मशीन, प्रेशर १२. पुढच्या महिन्यात पहिलाच लांबचा विमानप्रवास, सलग १५ तासांचा. विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर एकाने सांगितलं, ‘सीटजवळ सॉकेट आहे, काळजी करू नका.’ दुसऱ्याने सांगितलं, ‘बॅटरीशिवाय मशीन लावू देणार नाहीत.’ मुलगी म्हणते, एका रात्रीने काय होतंय बाबा, मशीन चेक-इन बॅगेत टाका. आणि शेवटी जरा संकोचून तुम्ही विचारलंय की इतक्या लोकांसमोर तोंडावर मास्क लावून झोपायचं कसं.

मी श्वसनविकारांची डॉक्टर आहे. झोपेच्या तपासण्या करणं आणि लोकांना सीपॅपची सवय लावणं यातच १७ वर्षं गेली. हा प्रश्न मला सुट्ट्यांच्या आधी दर आठवड्याला एकदा तरी येतो, आणि दर वेळी दोन वेगळे प्रश्न एकात गुंतून आलेले असतात. मशीन बरोबर न्यायचं का, हा एक. मशीन हवेत असताना लावायचं का, हा दुसरा. पहिल्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे : न्यायचं, आणि हातातल्या सामानात न्यायचं. दुसऱ्याचं उत्तर मात्र तुम्ही किती झोपणार, कसे झोपणार आणि तुमच्या छातीची, हृदयाची अवस्था काय आहे यावर ठरतं.

आधी मुलीच्या म्हणण्याकडे वळते, कारण तिचं अर्धं खरं आहे. ज्याला निव्वळ ॲप्निया आहे, बाकी फुप्फुसं आणि हृदय ठणठणीत आहे, त्याने एक रात्र मशीनशिवाय काढली तर सहसा आभाळ कोसळत नाही. पण सीपॅप हे औषधासारखं अंगात साठत नाही. मशीन काढलं की घसा त्याच रात्री पुन्हा मिटायला लागतो, दोन वर्षं नेमाने वापरलं असलं तरी. दुसऱ्या दिवशी डोकं जड, डोळ्यांवर झापड, आणि त्यात वेळेच्या फरकाने बिघडलेलं शरीराचं घड्याळ. आणि मशीन चेक-इन बॅगेत टाकलं की हिशेब एका रात्रीचा राहत नाही. बॅग दुसऱ्या विमानात गेली तर ती मिळेपर्यंतच्या सगळ्या रात्री मशीनशिवाय. माझे एक पेशंट असेच परदेशी पोचले आणि बॅग आली सहाव्या दिवशी. आली तेव्हा ह्युमिडिफायरच्या, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या भागाच्या, पाण्याच्या डबीला तडा गेलेला. त्या गृहस्थांनी मधल्या पाच रात्री सोफ्यावर बसून काढल्या होत्या.

आता ज्यांनी माझं पुढचं उत्तर जसंच्या तसं उचलू नये ते कोण, हे आधीच सांगून टाकते. ज्यांना ॲप्नियाबरोबर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार आहे. वजन खूप असून दिवसासुद्धा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. हृदय कमकुवत आहे. नुकताच पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय. जे साध्या सीपॅपऐवजी बायपॅपवर (श्वास घेताना आणि सोडताना वेगवेगळा दाब देणाऱ्या मशीनवर) आहेत किंवा ज्यांच्या मशीनला ऑक्सिजन जोडलेला असतो. शांत बसलेले असताना बोटावरच्या ऑक्सिमीटरवर आकडा ९५च्या खाली राहत असेल तर तेही यातच धरा. अशांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटावं. त्यांच्यापैकी काहींची आम्ही जमिनीवरच विमानासारखी परीक्षा घेतो : २० मिनिटं फक्त १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा श्वासातून द्यायची आणि रक्तातला ऑक्सिजन कुठवर उतरतो ते बघायचं. तुमच्या प्रश्नात यातलं काही दिसलं नाही, म्हणून पुढे जाते.

हे १५ टक्के कुठून आले, ते सांगण्यासारखं आहे. विमान ३५–४० हजार फुटांवर उडत असतं, पण आतल्या हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा ठेवलेला नसतो. नियमाप्रमाणे तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असेल इतका कमी होऊ शकतो. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत तो साधारण ६,००० फुटांच्या आसपास राहतो. ८,००० फुटांच्या हवेत श्वास घेणं म्हणजे जमिनीवर १५ टक्के ऑक्सिजनची हवा घेण्यासारखंच. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजनही तिथे ९०–९३ टक्क्यांपर्यंत उतरतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

इथे मला हमखास एक गैरसमज भेटतो : ‘मग मी सीपॅप लावलं की ऑक्सिजन भरून निघेल ना?’ नाही निघत. सीपॅप ऑक्सिजन देत नाही, ते आसपासची हवाच थोडी दाबून आत सोडतं. आकड्यांत बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा. ८,००० फुटांवर सुमारे ५६५. म्हणजे घट १९५ची. तुमचं १२ सेंटिमीटर पाण्याचं प्रेशर पाऱ्यात मोजलं तर होतं जेमतेम ९ मिलिमीटर. तेवढ्याने ती तूट भरून येणार नाही. मशीनचं काम एकच, घशाची नळी मिटू न देणं. पण वर तेच काम जास्त मोलाचं होतं. रक्तातला ऑक्सिजन आणि हवेतला ऑक्सिजन यांचं नातं सरळ रेषेत नसतं. वरच्या बाजूला पठार आणि मग उतार असं ते असतं. जमिनीवर तुम्ही पठाराच्या मध्यावर असता, श्वास २० सेकंद अडकला तरी थोडंच खाली येता. विमानात तुम्ही आधीच पठाराच्या कडेला उभे असता. तिथून तेवढाच श्वास अडकला की थेट उतारावर.

दारू आणि झोपेच्या गोळ्या यांचं गणितही याच कडेवर ठरतं. घशाचे स्नायू सैल पडतात, आणि श्वास अडकल्यावर जी जाग यायला हवी ती उशिरा येते. जर्मनीतल्या संशोधकांचा २०२४ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात आलेला प्रयोग मी पेशंटना मुद्दाम सांगते. १८ ते ४० वयाच्या निरोगी लोकांना विमानासारख्या कमी दाबात झोपवलं. दारू न घेता झोपलेल्यांचा ऑक्सिजन ८८च्या आसपास राहिला. दारू घेऊन झोपलेल्यांचा ८५ झाला आणि नाडीचे ठोके मिनिटाला ८८पर्यंत चढले. ही तरणीताठी माणसं, ॲप्निया नसलेली. तुमच्या बाबतीत विमानातलं मद्य फुकट असलं तरी ते नको, हे एवढ्यावरून कळावं. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्याही टाळा.

तर हवेत मशीन लावायचं का? माझा ठोकताळा असा : सलग दोन तासांपेक्षा जास्त झोपणार असाल तर लावा. तासाभराची डुलकी बसल्या बसल्या काढणार असाल तर चालून जातं. बसून झोपताना जीभ मागे पडत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचा त्रास उताणं झोपण्यापेक्षा कमी असतो. अडचण होते ती मान पुढे कलंडून हनुवटी छातीला टेकली की. मग घसा पुन्हा चेपला जातो. गळ्यातली उशी मागून लावण्याऐवजी उलटी फिरवून हनुवटीखाली येईल अशी लावून बघा. यातली गंमत अशी की जितकं महाग तिकीट तितकी मशीनची गरज जास्त. बिझनेस क्लासमध्ये सीट आडवी होते, माणूस उताणा पसरतो आणि अर्ध्या तासात अख्ख्या केबिनला कळतं.

१५ तासांपैकी १५ तास झोपायचं नाहीच. पोचाल तिथे रात्र असेल त्या वेळेशी जुळणारा एक चार-पाच तासांचा तुकडा ठरवा आणि तेवढा मशीन लावून झोपा. बाकीचा वेळ जागे राहा, फेऱ्या मारा, सिनेमे बघा. हा तुकडा ठरला की विजेचा हिशेब आपोआप सोपा होतो. लोकांचं घोडं पेंड खातं ते याच हिशेबापाशी.

हेल्पलाइनवरच्या दोघांपैकी सॉकेटवाल्याचं ऐकू नका. सीटखालचं सॉकेट असतं हे खरं, पण त्याच्या भरवशावर मी माझ्या एकाही पेशंटला पाठवत नाही. त्यातून मिळणारी वीज मोजकी असते, बहुतेक ठिकाणी ७५ ते १०० वॅटच्या घरात, आणि एकदम जास्त भार आला की ते स्वतःच बंद पडतं. उड्डाण आणि उतरताना ते बंद ठेवतात. हजारो प्रवाशांनी प्लग खुपसून-काढून ते इतकं सैल झालेलं असतं की मशीनचा जड अडॅप्टर आपल्याच वजनाने बाहेर येतो. कधी दोन-तीन सीटना मिळून एकच सॉकेट असतं. आणि मुख्य म्हणजे ते चालू आहे की बंद हे विमानात बसल्यावरच कळतं. मिळालं तर उत्तम, बॅटरी वाचली. बाजूचं यूएसबी हे फोनसाठी आहे, सीपॅप त्यावर चालत नाही.

एक पेशंट सॉकेटच्याच भरवशावर गेले होते. दोन तास झकास झोपले. मग आसपासच्या सगळ्यांनी लॅपटॉप लावले आणि यांचं मशीन बंद. मास्क तोंडावर, हवा बंद, दचकून जागे झाले. ‘गुदमरून मेलो असतो का?’ हा त्यांचा परत आल्यावरचा पहिला प्रश्न. नसते मेले. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला एक झडप असते, हवेचा दाब गेला की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. पण घाबरगुंडी उडते ती उडतेच, आणि त्यानंतर कुणी पुन्हा झोपत नाही.

म्हणून बॅटरी. बॅटरीवर एकच आकडा शोधा : वॅट-अवर. तो नसेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. २४ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर म्हणजे ९६ वॅट-अवर. आता तुमचं मशीन. १२ प्रेशरला, ह्युमिडिफायर आणि गरम नळी दोन्ही बंद ठेवली तर बहुतेक मशीन साधारण ८ ते १५ वॅट घेतात. दोन्ही चालू केली की तेच मशीन ४०–६० वॅटवर जातं, कारण पाणी तापवणं हे पंखा फिरवण्यापेक्षा कितीतरी खर्चाचं काम आहे. म्हणजे ९६ वॅट-अवरची बॅटरी पहिल्या प्रकारात सहा-सात तास सहज ओढते आणि दुसऱ्या प्रकारात दोन तासांत मान टाकते. चार-पाच तासांच्या झोपेसाठी, पाणी बंद ठेवून, एक बॅटरी पुरते. दुसरी लागेल का, ते खुर्चीतल्या रात्रीनंतर ठरवू.

बॅटरीला जोडताना मशीनच्याच कंपनीची किंवा त्या मॉडेलसाठी बनवलेली डीसी केबल वापरा. काही मशीन १२ व्होल्टवर चालतात, काही २४वर. चुकीची केबल लावली तर मशीन चालू तरी होत नाही किंवा कायमचं बसतं. इन्व्हर्टर मध्ये घालू नका. बॅटरीतला डीसी आधी एसी करायचा आणि मशीनच्या अडॅप्टरने तो पुन्हा डीसी करायचा, यात बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाते.

लिथियम बॅटरीचे नियम जगभर जवळपास सारखे आहेत. १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी परवानगीशिवाय नेता येते. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची आधी संमती लागते आणि अशा जास्तीच्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६०च्या वर प्रवाशाला नेता येत नाही. सुट्या बॅटऱ्या केबिनमध्येच, चेक-इन बॅगेत कधीच नाही, आणि प्रत्येकीची टोकं झाकलेली किंवा वेगळ्या पिशवीत. २०२५पासून बऱ्याच कंपन्यांनी पॉवर बँकवर निर्बंध घातलेत : विमानात वापरायची नाही, वरच्या कप्प्यात ठेवायची नाही वगैरे. तुमची बॅटरी वैद्यकीय उपकरणाची आहे, पण दिसते पॉवर बँकसारखीच. तेव्हा केबिन क्रूशी वाद घालायची वेळ येण्याआधी कंपनीकडून लेखी घेऊन ठेवा.

आणि बॅटरीवरचा छापील आकडा वाचता आला पाहिजे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. एका पेशंटला मी आमच्याकडची वापरातली बॅटरी दिली होती. चांगली चालणारी, पण हाताळून हाताळून लेबल पुसलेलं. सुरक्षा तपासणीत अधिकाऱ्याने विचारलं, किती वॅट-अवर? पेशंटने सांगितलं ९६. लिहिलंय कुठे? कुठेच नाही. बॅटरी तिथेच राहिली, आणि त्या अधिकाऱ्याचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आता दुसऱ्या हेल्पलाइनवाल्याचं, ‘बॅटरीशिवाय लावू देणार नाहीत.’ यामागे खरा नियम आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांनुसार (हे २००९पासून लागू आहेत, आणि अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागतात) सीपॅपसारखं उपकरण विमानात वापरू देणं बंधनकारक आहे, पण कंपनी काही अटी घालू शकते : ४८ तास आधी कळवा, उपकरण विमानात वापरायला योग्य असल्याची निर्मात्याची खूण दाखवा, आणि उड्डाणाच्या अपेक्षित वेळेच्या दीडपट पुरेल इतक्या बॅटऱ्या आणा. १५ तासांचं दीडपट म्हणजे साडेबावीस तास! एवढ्या बॅटऱ्या कुणी नेत नाही आणि सीपॅपवाल्याला गरजही नसते; ही अट रास्त आहे ती श्वासासाठी सतत यंत्रावर अवलंबून असणाऱ्यांसाठी. म्हणून कंपनीला कळवताना स्पष्ट शब्दांत लिहा की हे मशीन फक्त झोपेपुरतं आहे, जागेपणी त्याची गरज नाही, आणि वीज गेली तरी प्रवाशाच्या जिवाला धोका नाही. माझ्या अनुभवात या एका वाक्याने निम्मा पत्रव्यवहार वाचतो. बाकी देशांत आणि बाकी कंपन्यांत तपशील बदलतात, तेव्हा फोनवरच्या माणसाशी बोलून न थांबता त्यांच्या वैद्यकीय विभागाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. फोनवर दोघांनी दोन गोष्टी सांगितल्याच आहेत तुम्हाला.

मशीनच्या तळाशी किंवा मागच्या लेबलवर विमानाचं छोटं चिन्ह किंवा तसा मजकूर असतो. तो शोधा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. अरुंद सीटमध्ये मशीन उलटं करून दाखवत बसायला नको. मशीनमध्ये मोडेम असेल तर मेन्यूत एअरप्लेन मोड असतो, तो चालू करायचा. त्या वेळात माहिती बाहेर जात नाही, एवढंच. प्रेशरला हात लावू नका. सध्याची मशीन उंचीनुसार पंख्याचा वेग आपोआप जुळवून घेतात. बऱ्याच मॉडेलच्या पुस्तिकेत ही मर्यादा ८,५०० फुटांच्या आसपास दिलेली असते, म्हणजे केबिन तिच्यात बसतं. खूप जुन्या मशीनमध्ये उंची हाताने निवडावी लागायची. तुमचं दोन वर्षांचं आहे, तेव्हा हा प्रश्न नाही.

पाण्याचं काय? विमानात ह्युमिडिफायर नको, वीज हे त्याचं एकच कारण नाही. विमानाने हिसका दिला की डबीतलं पाणी नळीतून थेट नाकात येतं किंवा मागे मोटरमध्ये जातं. पहिलं फक्त त्रासदायक, दुसऱ्यात मशीन जातं. पण केबिनची हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली. रोज ओलसर हवेची सवय असलेल्या नाकाला ती झोंबते, नाक चोंदतं, मग माणूस तोंडाने श्वास घेतो आणि सगळी हवा तोंडातून गळते. झोपायच्या आधी आणि मध्ये एकदा साध्या मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे मारा. काही छोट्या प्रवासी मशीनना ओलावा धरून ठेवणारी एक चकती मिळते. ती तुमच्या उच्छ्वासातलाच ओलावा अडवून पुढच्या श्वासाला परत देते. ती घेताना एक लक्षात घ्या : उच्छ्वास बाहेर पडायची भोकं मास्कवर असतील आणि चकती त्यांच्या पलीकडे नळीत बसवली, तर उच्छ्वास तिच्यापर्यंत पोचतच नाही. मग ती नुसती शोभेची. नाक आणि ती भोकं यांच्या मध्येच तिची जागा.

आता शीर्षकातली खुर्ची. माझ्या सगळ्या सल्ल्यातलं सगळ्यात उपयोगी मला विचाराल तर हेच. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी एक सुट्टीची रात्र निवडा. बैठकीच्या खोलीत आरामखुर्ची नव्हे, साधी हातांची खुर्ची घ्या. मशीन पायाशी, बॅटरीवर, ह्युमिडिफायर बंद, एअरप्लेन मोड चालू, गळ्यात प्रवासातली उशी, आणि झोपा चार तास. त्या एका रात्रीत जे कळतं ते मी दहा पानं लिहूनही सांगू शकणार नाही. बॅटरी खरोखर किती चालते, ते कळतं. कोरडी हवा सोसते का, ते कळतं. आडवं झोपून बेतलेले मास्कचे पट्टे बसल्यावर सैल होतात, हे कळतं, कारण गालांचा आकार बसल्यावर वेगळा असतो. आणि नळी लांबीला पुरते का तेही. एका बाईंना या तालमीत कळलं की बॅटरीची केबल मशीनला बसतच नाही. दुकानाने दुसऱ्याच मॉडेलची दिली होती. ते विमानात कळलं असतं तर? ही तालीम न करता गेलेल्यांपैकी निम्मे लोक मला सांगतात की मशीन बाहेर काढलंच नाही, धीर झाला नाही.

सीट खिडकीची घ्या. कडेच्या सीटवर नळी आणि केबल ये-जा करणाऱ्यांच्या पायात येते. मधल्या सीटवर दोन्ही बाजूंची माफी मागत बसाल. अगदी पुढची, समोर भिंत असलेली सीट पाय पसरायला छान, पण समोर सीटच नसल्याने मशीन ठेवायला जागा नसते आणि उड्डाणाच्या वेळी सगळं वर ठेवावं लागतं. आपत्कालीन दाराजवळची रांग टाळाच. मशीन समोरच्या सीटखाली ठेवा, हवा आत घेणारी जाळी भिंतीकडे किंवा पांघरुणाखाली दबू देऊ नका, आणि निघण्याआधी फिल्टर नवा घाला. खाली जमिनीवरची धूळ बरीच असते.

सुरक्षा तपासणीला मशीन बॅगेतून काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगतात. मास्क आणि नळी बहुधा बॅगेत राहू देतात. ट्रेमध्ये लोकांचे बूट गेलेले असतात, म्हणून मशीन एका पारदर्शक पिशवीत घालून न्या. पाण्याची डबी रिकामी आणि कोरडी. सोबत डॉक्टरांचं एका पानाचं पत्र : आजार, मशीनचं मॉडेल, प्रेशर, झोपेत वापर आवश्यक, केबिनमध्ये न्यायची गरज, बॅटरीचे वॅट-अवर. मी त्यात ‘श्वसनास मदत करणारे वैद्यकीय उपकरण’ हे शब्द मुद्दाम घालते. बऱ्याच कंपन्या अशा उपकरणाची पिशवी हातातल्या सामानाच्या मर्यादेत धरत नाहीत, पण मग त्या पिशवीत स्वेटर आणि खाऊ कोंबू नका. आणि मशीनचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा आहे ना, ते वाचून घ्या. तसा असेल तर पोचल्यावर फक्त पिनांचा जोड लागतो.

मास्क चढवायचा तो विमान वर स्थिर झाल्यावर, आणि उतरणीला लागायच्या आधी काढायचा. उतरताना कानातला दाब सारखा करायला वारंवार गिळावं लागतं. झोपलेला माणूस फारसा गिळत नाही आणि कान गच्च बसून उठतो. क्रूला आधीच सांगून ठेवा की उतरायच्या पाऊण तास आधी उठवा. आणि एक गोष्ट जी कुणी सांगत नाही : कधी छतातून ऑक्सिजनचे मास्क खाली आलेच, तर सीपॅपचा मास्क आधी ओढून काढायचा आणि मगच तो लावायचा. सीपॅपच्या मास्कवरून तो चढवायचा नसतो. पट्ट्याची चुंबकी किंवा खटक्याची कडी एका हाताने कशी सुटते, ते खुर्चीतल्या तालमीतच करून बघा. चुंबकाची कडी असेल आणि पेसमेकर बसवलेला असेल, तर मास्कच बदलायचा असतो, पण ते घरीसुद्धा.

राहिला संकोच. मशीनचा आवाज ३० डेसिबलच्या आत असतो आणि केबिनमध्ये इंजिनाचा घोंघाट ८०च्या आसपास. कुणालाही काही ऐकू येत नाही. तुम्ही मास्कशिवाय झोपलात तर मात्र तुमचं घोरणं त्या घोंघाटातूनही वाट काढेल, हे तुमच्या घरच्यांना विचारा. शेजारच्या प्रवाशाला बसल्या बसल्या एक वाक्य सांगून टाका, ‘मी झोपताना हे मशीन लावतो, आवाज होत नाही.’ माझ्या एका पेशंटला शेजाऱ्याने उलट विचारलं होतं, ‘कुठलं मॉडेल? माझं वरच्या बॅगेत आहे, काढायची लाज वाटत होती.’ मग दोघांनीही लावलं म्हणे. खरं-खोटं तेच जाणोत.

पोचल्यावर पहिल्या दिवशी गाडी चालवू नका, झोप चांगली झाली असं वाटलं तरी. एअरप्लेन मोड बंद करा, नाहीतर तुमच्या डॉक्टरांना वाटेल तुम्ही मशीन सोडलं. ह्युमिडिफायरला तिथे डिस्टिल्ड पाणी मिळेपर्यंत दोन-चार रात्री बाटलीतलं पिण्याचं पाणी चालेल, डबीवर पांढरे डाग पडतील तेवढेच. विमानातल्या नळाचं पाणी मात्र कशालाच वापरू नका.

तालमीची रात्र झाली की सकाळी बॅटरीवर किती टक्के उरलेत ते आणि मशीन किती तास चाललं ते लिहून ठेवा, आणि मला कळवा. एक बॅटरी पुरेल की दोन घ्याव्या लागतील, हे मी त्या दोन आकड्यांवरून सांगेन. त्याआधी दुसरी विकत घेऊ नका.